छोट्या टर्बोडिझेल इंजिनांचा जमाखर्च

जानेवारी २००७ मध्ये मारुती सुझुकीने स्विफ्ट ही गाडी डिझेल इंजिनासह बाजारात आणली आणि मार्च २०२० अखेर त्याच कंपनीने डिझेल गाड्यांचे उत्पादन थांबवले. या दोन घटनांमधली सव्वातेरा वर्षे हा भारतातील छोट्या टर्बोडिझेल इंजिनाचा खरा कालखंड मानावा लागतो. या काळात मुख्यतः एक ते दीड लिटर क्षमतेची, वेगवेगळ्या देशांत आखलेली आणि बहुतांशी भारतातच जुळवलेली इंजिने रस्त्यावर आली, आणि ज्या वर्गाने आजवर मोटारीतील इंधनाचा खर्च जपूनच केला होता त्या वर्गाला लांबचा प्रवास परवडू लागला. या इंजिनांपैकी कोणते सरस, हा वाद गॅरेजमध्ये, टॅक्सीच्या थांब्यांवर आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही संपलेला नाही. कारण त्यातील लाखो इंजिने अजून चालू आहेत आणि जुनी डिझेल गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो.

तुलना करायची तर मोजमाप आधी ठरवायला हवे. कामगिरी म्हणजे इंजिनाची शक्ती, त्याचा जोर आणि इंधनाचा खप, ज्याला बोलण्यात सर्रास ‘ॲव्हरेज’ म्हणतात. या गोष्टी प्रयोगशाळेत मोजता येतात आणि माहितीपत्रकात छापता येतात. विश्वासार्हता मात्र एका आकड्यात मावत नाही. इंजिनाची रचना किती ताण सोसते, एखादा भाग निकामी झाला तर नुकसान तेवढ्यावर थांबते की सगळे इंजिन बसते, आणि बिघाड झाल्यावर तालुक्याच्या गावी तो दुरुस्त करणारा माणूस व सुटा भाग मिळतो की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र केली तरच तिचा अंदाज येतो. या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, ज्या इंजिनांकडून त्यांच्या आकारमानाच्या मानाने माफक काम घेतले गेले आणि ज्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान सर्वदूर पसरले, तीच दीर्घकाळ टिकली. आणि ज्या तिसऱ्या गोष्टीचा हिशेब सुरुवातीला कोणी मांडला नाही, ती म्हणजे धुराची किंमत, तिनेच अखेरीस या सगळ्या वर्गाचा शेवट केला.

लहान आकारात डिझेल बसवण्याची अडचण

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते, तर डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसण्यासाठी इंजिनाचे सांगाडे जाड आणि जड करावे लागतात, म्हणून अनेक दशके डिझेल इंजिन हे ट्रकचे, बोटीचे आणि विहिरीवरच्या पंपाचे यंत्र राहिले. महाराष्ट्राला ही ओळख जुनी आहे. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या यंत्रांमुळे डिझेल इंजिन उघडून पुन्हा जोडण्याचे कसब शेतीबरोबरच गावोगाव पोहोचले होते.

मोटारीसाठीच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांमध्ये टर्बो नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाचे इंजिन १,४०५ घनसेंटिमीटरचे होते आणि त्याची शक्ती होती सुमारे ५४ अश्वशक्ती. त्यात डिझेल थेट मुख्य सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या छोट्या कोठडीत फवारले जात असे आणि तेथे पेटलेली ज्वाला मुख्य सिलिंडरमध्ये शिरत असे; या पद्धतीला अप्रत्यक्ष फवारणी म्हणतात. तिच्यामुळे इंजिनाचा खडखडाट कमी होतो, पण उष्णतेचा काही भाग कोठडीच्या भिंतींत वाया जातो. अशा इंजिनात इलेक्ट्रॉनिक भाग जवळजवळ नसल्यामुळे ‘पंप-नोझलचे काम’ जाणणारा कोणताही मेस्त्री ते दुरुस्त करू शके, आणि म्हणूनच कामगिरी बेताची असूनही इंडिका टॅक्सीच्या धंद्यात वर्षानुवर्षे टिकून राहिली.

या चित्रात मोठा बदल घडवला तो दोन गोष्टींच्या संयोगाने. पहिली गोष्ट टर्बोचार्जर: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोताने एक छोटे चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा कोंबून सिलिंडरमध्ये भरते, आणि हवा जास्त मिळाल्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जाळता येते. दुसरी गोष्ट ‘कॉमन रेल’: एक पंप डिझेल अतिशय उच्च दाबाने सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या नळीत भरून ठेवतो आणि इंजिनाचा संगणक प्रत्येक इंजेक्टर, म्हणजे फवारणीचे तोंड, हव्या त्या क्षणी, हवा तेवढा वेळ उघडतो. प्रवासी मोटारीत ही पद्धत सर्वप्रथम १९९७ साली आल्फा रोमिओ १५६ या इटालियन गाडीत आली. तिचे मूलभूत संशोधन फियाट समूहात झाले होते आणि तिचे औद्योगिक उत्पादन जर्मनीच्या बॉश कंपनीने केले. एकाच स्फोटासाठी डिझेल अनेक हप्त्यांत फवारता येऊ लागले, त्यामुळे ज्वलन सौम्य झाले, आवाज कमी झाला आणि धूरही आटोक्यात आला.

याच तंत्राच्या पुढच्या टप्प्यावर, फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या संयुक्त कंपनीतून, २००३ साली १.३ मल्टिजेट हे इंजिन आले. त्याचे आकारमान १,२४८ घनसेंटिमीटर, सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि दट्ट्याचा फेरा ८२ मिलिमीटर. चार सिलिंडर, सोळा झडपा, आणि एका आवर्तनात डिझेलचे पाचपर्यंत हप्ते देण्याची सोय. पोलंडमधील बिएल्स्को-बिआवा येथील कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि २००५ मध्ये एक ते १.४ लिटर गटात त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला.

रांजणगाव, चाकण, तळेगाव, नाशिक

मल्टिजेट भारतात मुख्यतः दोन वाटांनी आले. हरियाणातील मानेसर येथे सुझुकीच्या इंजिन कारखान्यात ते मारुतीसाठी बनू लागले, आणि पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात ते फियाटच्या स्वतःच्या गाड्यांसाठी व टाटांसाठी बनू लागले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा या मारुतीच्या गाड्या, इंडिका व्हिस्टा, मान्झा, झेस्ट या टाटांच्या, पुंटो व लिनिया या फियाटच्या आणि सेल व एन्जॉय या शेव्हरोलेच्या, एवढ्या सगळ्या गाड्यांत मुळात एकच इंजिन होते. त्याला वाहनविषयक लेखनात ‘राष्ट्रीय इंजिन’ हे नाव पडले ते त्यामुळेच.

या काळात पुणे व नाशिक हा पट्टा छोट्या डिझेल गाड्यांचे देशातील एक मोठे केंद्र बनला. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात २००७ पासून लोगान ही गाडी जुळवली जाऊ लागली, तिच्यात रेनॉचे १,४६१ घनसेंटिमीटरचे के९के इंजिन होते. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात बनलेली पोलो २०१० मध्ये बाजारात आली आणि २०१५ मध्ये तेथेच दीड लिटर डिझेल इंजिनाची जुळणी सुरू झाली. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता, आणि यांपैकी अनेक गाड्यांच्या चाचण्या ज्या संस्थेत होत ती ‘एआरएआय’, म्हणजे भारतीय वाहन संशोधन संस्था, पुण्यातच आहे.

मागणी एवढी का वाढली, याचे उत्तर इंजिनात कमी आणि सरकारी धोरणात अधिक सापडते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रित राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले, तेव्हा डिझेल सुमारे ४१ रुपये होते. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल गाडी २० किलोमीटर चालते असे धरले, तर प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे पावणेतीन रुपये वाचत, आणि डिझेल गाडीसाठी मोजलेले जादा लाखभर रुपये साधारण ३५,००० किलोमीटरमध्ये वसूल होत. ज्याचे रनिंग महिन्याला दीड हजार किलोमीटर आहे त्याला हे दोन वर्षांत साधे, आणि महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्याला सात वर्षांतही जेमतेम साधे. तरीही त्या काळात दोघांनीही डिझेल गाड्या घेतल्या. इंजिनांच्या पुढच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या चुकीच्या निवडीत आहे.

कागदावरची ताकद आणि घाटातली ताकद

माहितीपत्रकातील पहिला आकडा अश्वशक्तीचा असतो. ती इंजिन किती वेगाने काम करू शकते ते सांगते. दुसरा आकडा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, असतो. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात आणि चढावर किंवा भरलेल्या गाडीत चालकाला जो ‘पिकअप’ जाणवतो तो मुख्यतः याच आकड्यावर अवलंबून असतो. मल्टिजेटच्या साध्या रूपात ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर, तर वरच्या रूपात ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर मिळत. रेनॉचे के९के लोगानमध्ये ६५ अश्वशक्ती व १६० न्यूटन-मीटर देई, आणि २०१२ मध्ये आलेल्या डस्टरमध्ये त्याचीच ८५ आणि ११० अश्वशक्तीची दोन रूपे मिळत. फोर्ड फिगोचे १,३९९ घनसेंटिमीटरचे इंजिन ६९ अश्वशक्ती व १६० न्यूटन-मीटरचे, टोयोटा इटिऑसचे १,३६४ घनसेंटिमीटरचे ६८ व १७० चे, होंडा अमेझचे दीड लिटरचे १०० व २०० चे, ह्युंदाई आय-२० चे १.४ लिटरचे ९० व २२० चे, आणि २०१४ नंतरच्या पोलोचे दीड लिटरचे ९० व २३० चे होते.

हे आकडे नुसते शेजारी ठेवून फारसा बोध होत नाही. त्यांना इंजिनाच्या आकारमानाने भागले की स्वभाव दिसू लागतो. फिगो आणि इटिऑसची इंजिने दर लिटरला सुमारे ५० अश्वशक्ती देतात, साधे मल्टिजेट आणि डस्टरचे ८५ अश्वशक्तीचे रूप साठीच्या आसपास, अमेझ ६७ च्या जवळ, आणि डस्टरचे ११० अश्वशक्तीचे रूप ७५ च्या वर. टॉर्कच्या बाबतीतही फिगो दर लिटरला ११४ न्यूटन-मीटर देते, तर साधे मल्टिजेट १५२ आणि वरचे डस्टर १७० च्या घरात जाते. दर लिटरमागे जेवढे जास्त काम, तेवढा दट्ट्यावर, बेअरिंगवर, हेडच्या पॅकिंगवर आणि टर्बोवर ताण जास्त, हा यंत्रशास्त्राचा साधा नियम आहे. उत्तम धातू आणि उत्तम वंगणाने तो ताण सोसता येतो, पण दुर्लक्षाला क्षमा करण्याची इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते.

तिसरी बाब सहसा माहितीपत्रकाच्या तळाशी असते, ती म्हणजे जास्तीत जास्त टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो. मल्टिजेटचा १९० न्यूटन-मीटरचा जोर मिनिटाला २,००० फेऱ्यांवर येतो आणि त्याखाली टर्बोला पुरेसा झोत न मिळाल्यामुळे इंजिन मलूल वाटते; टर्बोच्या या विलंबाने येणाऱ्या मंदपणाला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. आकारमान कमी असलेल्या इंजिनात हा दोष ठळक दिसतो, कारण टर्बो जागा होईपर्यंत ते शेवटी सव्वा लिटरचेच इंजिन असते. पोलोचे दीड लिटरचे इंजिन १,५०० फेऱ्यांवरच पूर्ण जोर देते, इटिऑसचे १,८०० वर, अमेझचे १,७५० वर. खंबाटकी किंवा कसारा घाटात पुढच्या ट्रकमागे गाडी हळू झाली, गिअर तिसराच राहिला आणि पुन्हा वेग घ्यायचा झाला, की हा फरक चालकाला लगेच कळतो: मल्टिजेटवाल्याला दुसरा गिअर टाकावा लागतो, पोलोवाल्याला बहुधा नाही. मोकळ्या महामार्गावर मात्र, २,००० फेऱ्यांच्या वर, मल्टिजेट आपल्या आकाराला न शोभणाऱ्या उत्साहाने धावते, आणि त्याची लोकप्रियता याच टप्प्यातून आलेली आहे.

इंधनाच्या खपात या इंजिनांनी जे साधले ते आजही थक्क करणारे आहे. एआरएआयच्या प्रमाणित चाचणीत २०१३ च्या अमेझचा आकडा लिटरला २५.८ किलोमीटर होता आणि २०१७ च्या डिझायर डिझेलचा २८.४ किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर यापेक्षा बरेच कमी मिळते, कारण चाचणी ठरावीक वेगाच्या तक्त्यानुसार रोलरवर होते. तरीही वीस किलोमीटरच्या वरचे ॲव्हरेज महामार्गावर सहज देणारी चार जणांची गाडी ही या पिढीची खरी कमाई आहे.

इंजिन कुठे थकते

छोट्या टर्बोडिझेलचे आयुष्य प्रामुख्याने पाच ठिकाणी ठरते: वंगण, टर्बो, इंजेक्टर, झडपांना चालवणारी साखळी किंवा पट्टा, आणि धूर परत फिरवणारी झडप.

यांतील पहिले वंगण, कारण बाकी बहुतेक त्याच्यावर अवलंबून आहे. डिझेलच्या ज्वलनातून काजळी तयार होते, ती ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल घट्ट व खरखरीत होत जाते. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन एकदम बंद केले, की ऑइलचा प्रवाह थांबतो, तापलेल्या दांड्याजवळचे ऑइल जळून त्याचा कोळसा होतो आणि काही वर्षांत टर्बो शिटी मारू लागतो किंवा ऑइल पिऊ लागतो. उतरण्यापूर्वी मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवण्याची जुन्या टॅक्सीचालकांची सवय या कारणाने शास्त्रशुद्ध आहे.

टर्बोचे दोन प्रकार आहेत. स्थिर टर्बोमध्ये झोताचा मार्ग ठरलेला असतो; बदलत्या पात्यांच्या टर्बोमध्ये आतली छोटी पाती फिरून झोत अरुंद किंवा रुंद करतात, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही जोर मिळतो. मल्टिजेटचे ७५ आणि डस्टरचे ८५ अश्वशक्तीचे रूप पहिल्या प्रकारचे, तर ९० आणि ११० चे रूप दुसऱ्या प्रकारचे. शहरात सदैव मंद चालणाऱ्या गाडीत या पात्यांवर काजळी बसून ती अडकतात आणि गाडी अचानक जोर सोडते. म्हणूनच एकाच इंजिनाची दोन रूपे तुलनेला घेतली, तर कमी ताकदीचे रूप दीर्घायुषी ठरण्याची शक्यता रचनेतच आहे.

इंजेक्टर हा सर्वांत नाजूक आणि महाग भाग. पहिल्या पिढीच्या मल्टिजेटमध्येच रेलमधील दाब १,४०० बारपर्यंत जात होता, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या सहाशेपटीहून अधिक. एवढ्या दाबावर काही सहस्रांश मिलिमीटरच्या फटीतून जाणाऱ्या डिझेलमध्ये पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा आला तर तो सुईच्या बैठकीला ओरखडे पाडतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्यात साठलेले पाणी काढणे, ही स्वस्त कामे टाळली की हजारो रुपयांचे इंजेक्टर बदलावे लागतात. शिवाय बॉशसारख्या इंजेक्टरवर त्याच्या सूक्ष्म फरकांची सांकेतिक संख्या कोरलेली असते आणि बदलल्यानंतर ती इंजिनाच्या संगणकात भरावी लागते; त्यामुळे इंडिकाच्या काळातला मेस्त्री आणि कॉमन रेलच्या काळातला मेस्त्री यांच्यात संगणक हाताळण्याच्या कौशल्याचे अंतर पडले.

झडपा योग्य वेळी उघडण्यासाठी मुख्य दांड्यापासून वरच्या दांड्यापर्यंत गती न्यावी लागते. मल्टिजेट, तसेच ह्युंदाई, होंडा आणि टोयोटा यांच्या या वर्गातील इंजिनांत त्यासाठी साखळी आहे. रेनॉ, फोर्ड आणि फोक्सवॅगन यांच्या इंजिनांत रबरी पट्टा आहे. साखळीला बदलण्याची ठरावीक मुदत नसते, म्हणून ती कायमची आहे असा समज पसरला, पण मल्टिजेटची साखळी ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर चालतो, आणि खराब ऑइलमुळे तो सैल पडला की साखळी खडखडते, लांबते आणि शेवटी दात सोडते. पट्ट्याचे आयुष्य मात्र कंपनीने किलोमीटर व वर्षांत सांगितलेले असते. तो वेळेवर बदलला तर निर्धोक, न बदलता तुटला तर दट्ट्या झडपांवर आदळून हेड निकामी होते. म्हणून साखळी आणि पट्टा यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न अपुरा आहे: नियम पाळणाऱ्याच्या हाती पट्टा तितकाच विश्वसनीय आहे आणि ऑइल बदलण्यास टाळाटाळ करणाऱ्याच्या हाती साखळीही सुरक्षित नाही. युरोपात के९केच्या सुरुवातीच्या काही इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची अकाली झीज दिसून आली आणि तिचा संबंध ऑइल बदलण्याच्या लांब मुदतीशी जोडला गेला, हेही याच दिशेने बोट दाखवते.

पाचवा भाग ‘ईजीआर’ झडप. सिलिंडरमधील तापमान उतरवण्यासाठी जळालेल्या वायूंचा काही अंश पुन्हा आत सोडला जातो, म्हणजे नायट्रोजनची विषारी ऑक्साइड कमी बनतात. पण त्या वायूंतील काजळी ऑइलच्या वाफेला चिकटून हवेचा मार्ग हळूहळू बुजवते. झडप काढून साफ करणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुरुस्तीयोग्यतेत आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. मल्टिजेट आणि के९के यांचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा मूळ ठोकळा, बिडाचा आहे. तो झिजला तर बोअर करून मोठ्या मापाचे दट्टे बसवता येतात आणि ‘हाफ इंजिन’ काम करणारी कार्यशाळा ते करू शकते. होंडा, टोयोटा आणि फोर्ड यांनी वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचा ब्लॉक वापरला, तो हलका आहे पण एकदा फार तापला की वाकतो आणि दुरुस्ती महाग पडते. त्यातही मल्टिजेटला संख्येचा फायदा मिळाला: चार कंपन्यांच्या गाड्यांत तेच इंजिन असल्यामुळे सुटे भाग जिल्ह्याच्या बाजारात सहज मिळू लागले आणि ते उघडलेला मेस्त्री प्रत्येक तालुक्यात तयार झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली, तेव्हा त्या गाड्यांची इंजिने एका दिवसात वाईट झाली नाहीत, पण त्यांच्या विश्वासार्हतेचा एक आधार मात्र गेला.

आणखी लहान करण्याचे प्रयोग

सव्वा लिटरच्याही खाली जाण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतून लहानपणाची मर्यादा स्पष्ट झाली. शेव्हरोले बीटमध्ये २०११ साली मल्टिजेटच्याच धाटणीचे तीन सिलिंडरचे ९३६ घनसेंटिमीटरचे इंजिन आले, पहिल्या पोलोत तीन सिलिंडरचे १,१९९ घनसेंटिमीटरचे, ग्रँड आय-१० मध्ये तीन सिलिंडरचे १,१२० घनसेंटिमीटरचे, आणि जून २०१५ मध्ये मारुतीने सेलेरियोत दोन सिलिंडरचे ७९३ घनसेंटिमीटरचे इंजिन आणले, ज्याची शक्ती ४७ अश्वशक्ती होती. सिलिंडर कमी झाले की घर्षण कमी होते आणि इंधन वाचते, परंतु स्फोटांमधले अंतर वाढल्यामुळे थरथर वाढते, आणि ती थरथर इंजिनाच्या माउंटिंगपासून आसनापर्यंत पोहोचते. पेट्रोल गाडीच्या शांतपणाची सवय झालेल्या ग्राहकाला ती पटली नाही, आणि सेलेरियो डिझेल सुमारे दोन वर्षांतच मागे घेतली गेली. पोलोनेही तीन सिलिंडर सोडून चार सिलिंडरचे दीड लिटरचे इंजिन स्वीकारले. इंजेक्टर, पंप आणि टर्बो यांचा खर्च इंजिन लहान झाले म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, हे या प्रयोगांतून सिद्ध झाले.

हिशेबात न धरलेली बाजू

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवणारा असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत डिझेलचा वाटा निम्म्याच्या घरात पोहोचत होता. वाहनांच्या धुराची मर्यादा ठरवणारी भारत स्टेज चार ही मानके एप्रिल २०१० मध्ये फक्त तेरा शहरांत लागू झाली, ज्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, आणि देशभर ती एप्रिल २०१७ मध्ये पोहोचली. तोवर उर्वरित भागात या मानकांच्या तुलनेत गंधकाचे प्रमाण सातपट असलेले डिझेल विकले जात होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनने आपल्या डिझेल इंजिनांच्या संगणकात चाचणी ओळखणारी आज्ञावली बसवली होती. चाचणीत धूर कमी आणि रस्त्यावर कितीतरी अधिक, अशी ती व्यवस्था होती. त्याच कुळातील इंजिने भारतातही असल्यामुळे डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने येथील सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याची घोषणा केली. या प्रकरणाने एक गोष्ट निर्विवाद केली: डिझेल इंजिनाची कामगिरी, खप आणि स्वच्छता यांपैकी दोन गोष्टी स्वस्तात मिळतात, तिसरीसाठी वेगळी किंमत मोजावी लागते.

ती किंमत एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा मानकांनी निश्चित केली. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि कणांची २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर. त्यासाठी कण गाळणारी जाळी बसवणे भाग झाले. या जाळीत साठलेली काजळी साधारण सहाशे अंश तापमानाला जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. रोज पाच-सहा किलोमीटर शहरी रहदारीत फिरणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहते, जाळी तुंबते आणि जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते. नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळा सापळा किंवा युरियाच्या द्रावणाची टाकी लागते. पंधरा लाखांच्या गाडीत हा खर्च मुरतो, सात लाखांच्या गाडीत मुरत नाही. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच माघारीची घोषणा केली, मार्च २०१९ मध्ये सियाझमध्ये आणलेले स्वतःचे नवे दीड लिटरचे इंजिनही जेमतेम वर्षभर टिकले, आणि रेनॉ, फोक्सवॅगन व टोयोटा यांनी छोट्या गाड्यांतील डिझेल सोडले. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई आणि किया यांची दीड लिटरची इंजिने उरली, ती मुख्यतः उंच बांध्याच्या महाग गाड्यांत.

निवाडा

कामगिरी आणि टिकाऊपणा एकत्र तोलले, तर या कालखंडातील सर्वांत समतोल इंजिन म्हणून १.३ मल्टिजेटच्या ७५ अश्वशक्तीच्या रूपाचेच नाव घ्यावे लागते: स्थिर टर्बो, बिडाचा ब्लॉक, माफक ताण आणि देशभर पसरलेले दुरुस्तीचे ज्ञान, या चार गोष्टी दुसऱ्या कोणत्याही इंजिनात एकत्र आल्या नाहीत. दुसरा क्रम के९केच्या ८५ अश्वशक्तीच्या रूपाचा, पट्टा वेळेवर बदलला जाईल या अटीवर. घाटात आणि भरधाव महामार्गावर चालवण्याचा आनंद पोलोच्या दीड लिटर इंजिनात अधिक आहे, तर फिगो आणि इटिऑसची कमी ताणाची इंजिने शांतपणे दीर्घकाळ सेवा देतात, मात्र त्यांच्या मालकांना सुटे भाग आधीच शोधून ठेवावे लागतील.

जुनी डिझेल गाडी घेऊ पाहणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ऑइल बदलल्याच्या नोंदींवर विश्वास ठेवावा, इंजिन पूर्ण थंड असताना स्वतःच्या समोर सुरू करून साखळीचा आवाज ऐकावा, चढावर चालवून जोर आणि धूर दोन्ही पाहावेत, आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटरपेक्षा कमी रनिंग असेल तर पेट्रोल गाडीच घ्यावी. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ताकद वाढवण्यासाठी संगणकात फेरफार करू नयेत आणि ईजीआर झडप किंवा जाळी कधीही काढून टाकू नये. पीयूसी चाचणीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजला जातो, न दिसणारी नायट्रोजन ऑक्साइड त्या यंत्राला कळत नाहीत; ती श्वासात जाणार नाहीत याची जबाबदारी म्हणून गाडीच्या मालकावरच येते, आणि ती त्याने प्रामाणिकपणे पार पाडली पाहिजे.